झेंड्यांची नोंदवही: कोंढाळीकडच्या जंगलातलं रोपमोजणीचं काम

१ नोव्हेंबर २०२५, नागपूर

कामाला सुरुवात झाली एकदाची. ग्रामसभेचा ठराव हातात आला, वनविभागाचं पत्र आधीच आलं होतं, आता सामान जमवायचं. काम थोडक्यात असं, की कोंढाळीच्या पुढे एका गावाच्या जंगलात १६ प्लॉट टाकायचे, प्रत्येक ०.१ हेक्टरचा, त्यात मोठी झाडं मोजायची आणि साग, मोह, तेंदू, ऐन, धावडा यांची जी नवीन रोपं उगवलीत ती एकेक खूण करून ठेवायची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर परत जाऊन बघता येईल की किती जगली. गावाला मोहाची पुढची पिढी येते की नाही हे जाणून घ्यायचंय, प्रश्न त्यांचाच आहे, मोजणारे आम्ही चौघं.

खूण करायची म्हणजे झेंड्या लागणार. बाहेरच्या देशात तारेला रंगीत प्लास्टिकची चौकोनी पट्टी लावलेल्या तयार झेंड्या मिळतात, २१ इंच किंवा ३० इंच तार, शेकड्याने विकत घ्यायच्या. इथे मागवायच्या तर खर्च परवडत नाही म्हणून घरीच करायचं ठरवलं. आज इतवारीत लोहाओळीतून १४ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ४ किलो घेतली. ही तार २ मिलिमीटरच्या आसपास जाड असते, किलोमागे ३९-४० मीटर भरते, म्हणजे ६० सेंटिमीटरचे तुकडे केले तर किलोत साधारण ६५ होतात. १६ गेज (आकडा मोठा तशी तार बारीक) पण बघितली पण ती हातानेच वाकते, मुरमात खुपसली की गोळा होईल. १२ गेज एकदम दणकट आहे पण शंभर झेंड्या खांद्यावर घेऊन चढ चढायचा तर नको वाटते.

कापड गांधीबागेतून. सेफ्टी जॅकेटला लागतं तसलं चमकणारं पॉलिस्टर, गुलाबी आणि नारंगी. हे रंग नुसते भडक नसतात, उन्हातला न दिसणारा अतिनील भाग शोषून तो दिसणाऱ्या रंगात परत फेकतात, म्हणून पहाटे नि संध्याकाळच्या मंद उजेडातही उठून दिसतात. अमेरिकेत जमिनीवरच्या खुणांचे रंग ठरलेले आहेत, लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, आणि गुलाबी म्हणजे सर्व्हेची तात्पुरती खूण. तो गुलाबी आम्ही उचलला, कारण आपल्या जंगलात तो रंग क्वचितच दिसतो.

येताना झिरो माईलच्या दगडावरून आलो. रोज तिथून जातो पण आज थांबून बघितलं. आपण नागपूरकर त्याच्याजवळ फोटो काढतो आणि विसरतो, पण तो दगड देशभराच्या ज्या मोठ्या जमीनमोजणीचा आहे ती विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केली आणि काम करता करता १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. त्याच्यामागून ही मोजणी चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टला लांबचे झेंडे धुळीत, धुरकट हवेत दिसेनात म्हणून त्याने रात्री दिवे आणि दिवसा उन्हाचा कवडसा पाडणारे आरसे वापरले. म्हणजे झेंडा दिसत नाही ही कटकट दोनशे वर्षं जुनी आहे.

६ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी तार कापण्यात गेल्या. ६० सेंटिमीटरच्या ६० (प्लॉटसाठी, गुलाबी) आणि ४० सेंटिमीटरच्या २५० (रोपांसाठी, नारंगी).

तारेचं वरचं टोक पक्कडीने वळवून कडी करायची, हे अजिबात सोडायचं नाही. झाडाचा घेर आपण १.३७ मीटर उंचीवर मोजतो पण टेप गुंडाळताना, रोप बघताना माणूस सारखा खाली वाकतो, आणि उभी तार समोरून बघितली की दिसतच नाही, नुसता एक ठिपका असतो, तो थेट डोळ्यात. मागे एका कामावर माझ्या भुवईला लागली होती, अर्धा इंच खाली असती तर डोळा गेला असता. त्यामुळे ३१० तारा, ३१० कड्या, बोटं सुजली तरी चालेल.

कापड लावायला आधी स्टेपल मारून बघितलं, दोन ओढीत निघालं. गोंदही उन्हात सुटला. मग गल्लीतल्या शिलाईवाल्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "याला नेफा शिव ना बाबा, पायजम्याला असतो तसा." झालं काम. नेफ्यातून तार ओवायची, खाली एक गाठ-टाका, कापड फिरतं पण निघत नाही. काकूंनी दोन दुपारी सगळे शिवून दिले.

आकार मुद्दाम चौकोनी ठेवला, त्रिकोणी नाही. आपल्याकडे त्रिकोणी कापड काठीला लावलं की तो झेंडा होतो, आणि भगवा असो, हिरवा असो, निळा असो, त्याला कोणाचा ना कोणाचा मान असतो. तो जमिनीत खुपसायचा, त्याच्यावरून गुरं जाणार, हे बरोबर नाही. चौकोनी छोटी पट्टी बघून कोणाच्या मनात तसं काही येत नाही.

९ नोव्हेंबर, गावात

आज एकही झेंडी लावली नाही, फक्त बोलायला गेलो. सकाळी वाडीला तर्री पोहे खाऊन निघालो, गोंडखैरी, बाजारगाव करत कोंढाळी, तिथून आत. संत्र्याच्या गाड्या भरून चालल्या होत्या.

मंदिरासमोर वीसेक माणसं जमली. मी पिशवीतून झेंडी काढून दाखवली तर एकदम शांतता. मग एक म्हातारी बाई बोलल्या, "झेंडा लागला का जमीन गेली, असंच पायलं आतापर्यंत." दुसरे एकजण, "मोजणीवाले होय का तुम्ही? रस्ता येऊन राहिला का इकडून?"

त्यांचं काही चुकत नाही. या भागात माणसाने जमिनीत खुंटी-झेंडी लागलेली बघितली ती कुठल्यातरी रस्त्याच्या, लाईनच्या, नाहीतर हद्दीच्या मोजणीची. त्यात विदर्भातलं झुडपी जंगल, कागदावर महसुलाचं, जागेवर जंगल, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वनच धरायचं असा निकाल दिला तेव्हापासून गावोगाव लोक विचारून राहिले की आमच्या गायरानाचं काय, घराखालच्या जागेचं काय. अशा वेळी अनोळखी माणूस येऊन झेंड्या लावून गेला तर झोप उडणारच.

तीन तास बसलो. झेंडी कोणाची, कशासाठी, किती दिवस, कोण काढणार, सगळं सांगितलं. सरपंच बाईंनी चांगलं सुचवलं, की प्रत्येक मोठ्या झेंडीवर मराठीत लिहा, "रोपांची मोजणी, ग्रामसभा", आणि खाली नंबर. पक्क्या मार्करने आज रात्री लिहून टाकतो. गावातले दोघं रोजंदारीवर सोबत येणार, एक गायकी काका आहेत, गावाची गुरं तेच चारतात, त्यांना सगळं जंगल पायाखालचं.

१५ नोव्हेंबर

पहिला दिवस आणि पहिलीच चूक, पण कारण सापडलं म्हणून बरं वाटून राहिलं.

प्लॉट टाकायची पद्धत अशी. ०.१ हेक्टरचा चौकोन म्हणजे बाजू ३१.६२ मीटर. बाजू मोजत बसण्यापेक्षा मधोमध झेंडी रोवायची आणि तिथून कंपासने ४५, १३५, २२५, ३१५ अंशावर २२.३६ मीटर टेप धरायचा, चार कोपरे मिळतात. मग खात्रीला दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजायचं, ३१.६२ आलं की प्लॉट बरोबर. एका प्लॉटला १५ झेंड्या, मध्य १, कोपरे ४, बाजूंचे मध्य ४, आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत झुडपांसाठी ३ बाय ३ मीटरचे छोटे चौकोन, त्यांच्या ६.

तर पहिल्या प्लॉटला एक बाजू आली ३३.२ आणि तिच्या शेजारची २९.९. टेप बघितला, ठीक. परत मोजलं, तेच. दुसऱ्या दोन बाजू बरोब्बर. म्हणजे एकच कोपरा सरकलाय, आणि आकडे बघितले तर ६ अंशांनी. आता ६ अंशांची चूक कंपास वाचताना होत नाही. अर्धा तास डोकं खाल्लं. तिकडे बेसाल्ट आहे (नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला गेलं की त्याहून जुने खडक), त्यात लोह असतं, सुई ओढली जाऊ शकते, म्हणून उलट दिशेने कोपऱ्यावरून मध्याकडे वाचून बघितलं. तिकडून १८० चा फरक यायला हवा, तो सहा अंशांनी चुकला! मग लक्षात आलं, की तो कोपरा वाचताना आमच्या पोराच्या पाठीवर उरलेल्या झेंड्यांची जुडी होती, लोखंडी तारेची, साताठ किलोच्या दप्तरासकट, आणि तो कंपास डोळ्याला लावून उभा. सुई बिचारी जुडीकडे ओढली जात होती. जुडी दहा पावलं लांब ठेवून वाचलं, १३५ जिथे यायला पाहिजे तिथेच आलं.

नियम: कंपासवाल्याच्या अंगावर झेंड्या नाहीत, कोयता नाही, मोबाईलही खिशातून बाहेर. जुडी दुसऱ्याकडे आणि तो किमान पाच मीटर लांब. आणि प्रत्येक रेघ दोन्हीकडून वाचायची, फरक १८० आलाच पाहिजे.

१६ नोव्हेंबर

तीन प्लॉट झाले. उतारावरच्या प्लॉटला टेप उतारासोबत धरला तर आडवं अंतर कमी भरतं, १२ अंशाच्या उताराला २२.३६ ऐवजी २२.८६ धरावं लागतं. अर्धा मीटर म्हणजे कमी वाटतो पण कोपऱ्यावरचा एखादा मोठा मोह आत की बाहेर हे त्याच अर्ध्या मीटरवर ठरतं.

मुरमात तार जात नाही. जोर लावला की मधेच वाकते आणि वाकलेली तार परत सरळ केली की तिथेच तुटते. गायकी काकांनी घरून सळईचा एक तुकडा आणला, तो दगडाने ठोकायचा, भोक पाडायचं, सळई काढून तार घालायची. उलट नाल्याकडच्या काळ्या मातीत तार लोण्यासारखी जाते पण आता माती सुकून राहिली, भेगा वाढतील तशा झेंड्या कलतील नाहीतर भेगेत पडतील, तिथे भेगेपासून लांब लावल्या.

मध्याची झेंडी ही काही कायमची खूण नव्हे. हातातला जीपीएस झाडाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, तेवढ्यावर विसंबून तीन महिन्यांनी तोच बिंदू सापडणार नाही. म्हणून मध्यावर चपटा दगड जमिनीत बसवला, आणि जवळच्या दोन मोठ्या झाडांपासून अंतर नि दिशा वहीत लिहिली. झेंडी गेली तरी दोन झाडं साक्षीला आहेत.

संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. बोर व्याघ्र प्रकल्पाकडून वाघाची ये-जा असते, वनरक्षक साहेबांनी आठच्या आधी नि पाचच्या नंतर आत राहू नका म्हणून बजावलंय.

२३ नोव्हेंबर

रोपांना झेंड्या लावणं आज संपलं. एकूण २१२, प्रत्येकीवर आधी प्लॉटचा आणि मग रोपाचा असा नंबर.

रोपाच्या बुडाशी झेंडी खुपसायची नाही, मुळाला लागते. सगळ्या झेंड्या रोपाच्या उत्तरेला एक वीत सोडून. सगळीकडे एकच दिशा ठेवली म्हणजे पुढे झेंडी दिसली पण रोप नाही, तर ते मेलं की आपण चुकीच्या बाजूला शोधतोय हा घोळ होत नाही.

एक गोष्ट मनात घोळत होती ती आज करून टाकली. झेंडी लावली की ते रोप वेगळं होतं. माणूस बघून पाय जपून टाकतो, किंवा उलट, बकरी फडफडतं कापड बघायला येते आणि रोपाला तोंड लावते. मग आपण जे मोजतो ते रोपाचं नशीब की झेंडीचं? म्हणून आणखी २० रोपं अशी निवडली की त्यांना काहीच खूण नाही, फक्त वहीत मध्याच्या दगडापासून दिशा आणि अंतर, सेंटिमीटरपर्यंत. वेळ लागला, एकेकाला दहा मिनिटं, पण याशिवाय बाकीच्या आकड्यांवर माझाच विश्वास बसला नसता.

आज अजून एक कळलं. आमच्यातला एकजण, नवीन पोरगा, झेंड्या मोजताना दर वेळी कमी मोजून राहिला होता. मी सकाळी थोडं चढ्या आवाजात बोललो त्याला. दुपारी डबा खाताना तो हळूच म्हणाला, "दादा, हिरव्या गवतात मला ही नारंगी नीट दिसतच नाही, जवळ गेल्यावर कळते." त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, लहानपणापासून. बऱ्याच पुरुषांना असतं हे आणि कोणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी त्याची माफी मागितली. रंग ठरवतानाच चौघांना विचारायला पाहिजे होतं. अशांना निळा मात्र स्वच्छ दिसतो. पुढच्या वेळी निळा.

७ डिसेंबर

पहिली फेरतपासणी. वहीत २१२, जागेवर २०३. नऊ गेल्या.

पाच सापडल्या, नाल्याकाठच्या प्लॉटमधल्या, वानरांनी उपटून टाकलेल्या. दोन तर जांभळाच्या फांदीवर. त्यांना कापड चघळायचं नसतं, हलतं काहीतरी ओढून बघायचं असतं. त्या पाचही परत लावल्या. चार मात्र नाहीत. प्लॉट ६ मधली एक, प्लॉट ११ मधल्या तीन.

आणि मग गायकी काका भेटले. म्हणाले, "भाऊ, तुमचा झेंडा माह्या गाईच्या तोंडातून काढला." कापड चघळत होती, तार बाहेर लोंबत होती. त्यांनी जबडा धरून ओढून काढली आणि तिथेच परत रोवली. आवाज चढवला नाही त्यांनी, नुसतं सांगितलं, आणि मला इतकं वाईट वाटलं की काय बोलावं कळेना. त्यांच्याकडे गावातल्या चाळीस घरांची गुरं आहेत.

येताना जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. गाय चारा बारीक चावत नाही, गिळते, नंतर रवंथ करते. गिळलेली तार-खिळा जड असल्यामुळे पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो. तो कप्पा सारखा आवळत-सैलावत असतो, त्यात टोकदार तुकडा पुढे सरकतो, भिंत भेदतो, आणि पुढे लगेच पोट नि छातीमधला पडदा आणि त्याला लागून हृदय. जनावर खाणं सोडतं, पाठ वाकवून उभं राहतं, कोपरं बाहेर काढतं, आणि बऱ्याचदा कारण कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी म्हणालो, ४० सेंटिमीटरची अख्खी तार गाय कशी गिळेल? ते म्हणाले अख्खी नाही गिळणार, पण आता गावात जंगलातलं गवत कापून राहिलेत ना, ते गवत कडबाकुट्टीत जाईल, आणि तार गवतात असली तर कुट्टीतून निघतील बोटभर लांबीचे टोकदार तुकडे, चाऱ्यात मिसळून. तो खरा धोका.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी डोळ्याचा विचार केला, कंपासचा केला, वानरांचा केला, आणि गवत कापणाऱ्या बायांचा नाही केला.

रात्री सरपंच बाईंना फोन करून चार हरवलेल्या तारांचं सांगितलं, कुठे कुठे ते पण. दुसऱ्या दिवशी दवंडी दिली त्यांनी, प्लॉट ६ आणि ११ मधलं गवत या वर्षी कापायचं नाही. त्या गवताचे पैसे आम्ही देणार म्हणून मी कबूल केलं. पोटातल्या तारेसाठी गाईला लोहचुंबक गिळायला देतात, तो त्याच कप्प्यात जन्मभर बसून राहतो नि तार धरून ठेवतो. ज्या गाईच्या तोंडात झेंडी सापडली तिला डॉक्टरांकडून तो देववला.

२१ डिसेंबर

रोपांच्या सगळ्या तारा काढल्या. २०८ मोजून बाहेर, प्रत्येकीचा नंबर वहीत टिक करून. ४ बाकी आहेत हे वहीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहिलंय.

बदली म्हणून बांबूच्या कमच्या. बुरडाकडून चिरून घेतल्या, बोटभर रुंद, हातभर लांब. त्यांच्याकडून एक शिकलो, की कमचीची पाठ, म्हणजे वरची हिरवी चिवट बाजू ठेवून आतला गर तासायचा, गराला कीड आणि उधई आधी लागते. टोक जाळावर काळं करून घेतलं, त्याने उधई थांबत नाही, थोडा उशीर झाला तर झाला. वापरलेलं ऑइल लावा म्हणून एकाने सुचवलं, ते नाही केलं, जंगलात तेल कशाला. पट्टी निळी-पांढरी चौकडी.

कमचीला वेळ जास्त लागतो, वजन जास्त, मुरमात भोकाशिवाय जात नाही. पण कंपासला त्रास नाही आणि कडबाकुट्टीत गेली तरी गुराच्या पोटात लोखंड जात नाही. आणि आमच्या नवीन पोराने आज प्लॉट ३ मधल्या सगळ्याच्या सगळ्या १४ लांबूनच मोजून दाखवल्या.

१८ जानेवारी २०२६

थंडी जबरदस्त, सकाळी टेप धरवत नव्हता. सागाची पानगळ सुरू झालीये, पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. प्लॉटच्या गुलाबी झेंड्या, ज्या दोन ठिकाणी मुद्दाम ठेवल्या होत्या, त्यांचा रंग उडून फिक्कट झालाय, दोन महिन्यांतच. चमकणारे रंग उन्हाला लवकर हरतात. अकरा कमच्या उधईने खाल्ल्या, बदलल्या. हरवलेल्या चार तारांसाठी दीड तास फिरलो, काही नाही.

२२ फेब्रुवारी

पळस फुललाय. असा फुललाय की टेकडीवर विस्तव पसरल्यासारखं दिसतं, आणि काटेसावरही त्यात. आणि आम्ही प्लॉट ९ ते १२ कडे जाणाऱ्या वाटेवर नोव्हेंबरात झाडांना ज्या रिबनी बांधल्या होत्या त्या नारंगी! तेव्हा हिरव्यात लांबून चमकत होत्या, आज एक सापडेना, जिकडे बघावं तिकडे पळसाची फुलं. शेवटी वहीतल्या दिशा-अंतरावर आणि गायकी काकांच्या आठवणीवर पोचलो. सगळ्या रिबनी सोडून घेतल्या, १८ बांधल्या होत्या, १८ मिळाल्या. पिवळा पण असाच फसवतो, वाळलेल्या गवतात तो गवतच होतो. रंग ज्या महिन्यात लावतो त्या महिन्यासाठी निवडून भागत नाही, ज्या महिन्यात शोधायला येणार त्या महिन्यासाठी निवडावा लागतो.

वणव्याचा हंगाम सुरू झाला. प्लॉट ६ च्या अर्ध्या भागातून जमिनीवरची आग फिरून गेली, दोन-तीन दिवसांपूर्वीची असावी. नऊ कमच्या राख. पण राखेत काय दिसलं तर तार, कापड जळालेलं, नुसती काळी तार नि वरची कडी. हरवलेल्यांपैकी एक! उचलली, पुसली, वहीत टिक. बाकी ३.

जळालेल्या नऊ रोपांच्या जागा साक्षीच्या झाडांवरून मोजून परत काढल्या. तेंदू वरून जळला तरी मुळातून फुटतो, साग पण, त्यामुळे आज मेलेलं लिहायचं नाही, "वरून जळालं" एवढंच लिहिलं.

२९ मार्च

शेवटची मोजणी आणि सगळं काढून घ्यायचा दिवस. ऊन आता दहालाच डोक्यावर येतं, पहाटे पाचला नागपूरहून निघालो.

मोहाची फुलं पडून राहिली. पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली, जमीन आधीच झाडून लख्ख केलेली, त्यावर ती पिवळसर रसाळ फुलं, वासाने डोकं जड होतं. प्लॉट ११ च्या कडेच्या मोठ्या मोहाखाली एक ताई वेचत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि झाडाच्या खोडाकडे बोट केलं. खोडाच्या खाचेत दोन तारा अडकवून ठेवलेल्या, नारंगी कापडाची चिंधी अजून दोन्हींना होती. "झाडता झाडता खराट्याले लागले," त्या म्हणाल्या. "पोराच्या पायात जातीन म्हणून वर अटकवले. तुमचेच आहेत ना? नंबर लिवला हाये." किती दिवस झाले विचारलं तर पंधरा-वीस. पंधरा-वीस दिवस त्या तारा त्यांनी जपल्या होत्या. नंबर बघितले, ११/३ आणि ११/९. आमच्याच.

कमच्या सगळ्या काढल्या, उधईने खाल्लेल्यांचे नुसते कापडाचे तुकडे मिळाले तेही घेतले. बिनखुणेच्या २० रोपांची नि झेंडीवाल्यांची जगण्याची गत बघितली तर डोळ्यात भरेल असा फरक नाही, पण २० म्हणजे फार थोडी, पुढच्या वर्षी ६० तरी घेऊ. मोहाची रोपं कमी आहेत, आणि जी आहेत ती मोठ्या झाडाखाली नाहीत, झुडपांच्या आडोशाला आहेत. झाडाखाली जमीन झाडली जाते, पालापाचोळा जाळला जातो, तिथे रोप टिकणार कसं. हे ग्रामसभेत नकाशावर दाखवायचंय, आणि वेचणाऱ्या ताईंनाच आधी दाखवायचंय.

तारा: बाकी १. नंबर ११/७.

५ एप्रिल

फक्त त्या एका तारेसाठी गेलो. जुन्या स्पीकरमधला चुंबक काठीला बांधून प्लॉट ११ मध्ये दोन-दोन मीटरचे पट्टे पाडून जमिनीवरून फिरवला, मी आणि गायकी काका, सकाळभर. मिळालं काय तर दोन गंजके खिळे, बैलाच्या खुराची एक जुनी नाल, आणि काटेरी तारेचा वीतभर तुकडा, तो कोणाच्या तरी धुऱ्यावरचा असेल. सगळं पिशवीत घेतलं. आमची तार नाही.

११/७ हे तेंदूचं रोप आहे. जागेवर आहे, चार नवीन पानं फुटलीत, तांबूस, मऊ.

काका म्हणाले पहिला पाऊस पडला की माती बसते आणि गवत यायच्या आत आठ दिवस जमीन उघडी असते, तेव्हा दिसेल. जूनमध्ये त्यांचा फोन आला की निघायचं. तोवर प्लॉट ११ चं गवत बंद, पुढच्या कापणीलाही बंद, तसं सरपंच बाईंना लिहून दिलं. बाकी: तार १.